गायनशिक्षकाचा आरसा, सम्राटाचा घसा

शिक्षकाचा आवाज बसणे ही काही बातमी नव्हे. जून उजाडतो, साठ-साठ मुलांचे वर्ग सुरू होतात आणि पंधरा दिवसांत आवाज घोगरा होतो. मग ज्येष्ठमध, खडीसाखर, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सुरू होतात, आणि बहुतेक वेळा आवाज परतही येतो.

१८८७ सालच्या जानेवारीत बर्लिनमधील एका ५५ वर्षांच्या गृहस्थांचा आवाज असाच बसला. सर्दीपडशाचा परिणाम असेल म्हणून सुरुवातीला कोणी फारसे लक्ष दिले नाही. पण हा आवाज परत आला नाही. हे गृहस्थ म्हणजे जर्मनीचे युवराज फ्रीडरिख. त्या काळातील युरोपातले नामांकित डॉक्टर त्यांच्या दिमतीला होते. तरीही रोगाचे निश्चित निदान होण्यास नोव्हेंबर उजाडला, आणि पुढच्या जूनमध्ये ते मरण पावले.

घशाच्या कर्करोगाविषयी आज आपल्याला जे माहीत आहे, ते दोन साधनांनी मिळवलेले आहे. पहिले साधन म्हणजे आरसा, अर्थात घशाच्या आत प्रत्यक्ष पाहणे. दुसरे म्हणजे मोजणी, अर्थात रोग कोणाला होतो आणि कोणाला होत नाही याची तुलना करणे. ही साधने कशी हाती आली, ती कोठे उपयोगी पडली आणि कोठे तोकडी पडली, ही कथा आम्ही येथे सांगणार आहोत. कथा जुनी असली तरी तिच्यातला धडा आजच्या प्रत्येक शिक्षकाच्या उपयोगाचा आहे.

घसा म्हणजे नेमके काय?

बोलताना आपण ‘घसा’ हा एकच शब्द वापरतो. शरीरशास्त्राच्या दृष्टीने मात्र त्यात दोन वेगळे अवयव येतात. नाक आणि तोंड यांच्या मागे जी पोकळी आहे तिला ग्रसनी म्हणतात. अन्न आणि हवा यांची ही सामाईक वाट. टॉन्सिल आणि जिभेचे मूळ हे तिच्याच मधल्या भागात येतात. खाली गेल्यावर या वाटेला दोन फाटे फुटतात. मागचा फाटा अन्ननलिकेकडे जातो, पुढचा स्वरयंत्रातून श्वासनलिकेकडे. मानेच्या पुढच्या बाजूला हाताला लागणारी घाटी हे स्वरयंत्राचेच बाहेरून जाणवणारे कवच होय.

या कवचाच्या आत दोन स्वरतंतू आडवे ताणलेले असतात. त्यांची लांबी दीड-दोन सेंटिमीटरच भरते. आपण बोलतो तेव्हा फुप्फुसांतून येणाऱ्या हवेने ते थरथरतात; साधारणपणे पुरुषांत सेकंदाला शंभर ते दीडशे वेळा आणि स्त्रियांत सुमारे दोनशे वेळा. सतारीच्या तारेवर मेणाचा बारीक ठिपका लावला तरी तिचा स्वर बिघडतो. स्वरतंतूवर मोहरीएवढी गाठ आली तरी असेच होते. म्हणून स्वरतंतूचा कर्करोग अगदी लहान असतानाच आवाज बदलून आपली वर्दी देतो. शिवाय स्वरतंतूंत लसीकावाहिन्या फार थोड्या असतात, त्यामुळे तेथला कर्करोग मानेतील गाठींकडे उशिरा पसरतो. म्हणजे हा रोग सूचनाही लवकर देतो आणि उपचाराला वेळही देतो. प्रश्न एवढाच, की ती सूचना कोणी ऐकते का?

गायनशिक्षकाचा आरसा

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जिवंत माणसाचे स्वरयंत्र कोणी नीट पाहिलेले नव्हते. शवविच्छेदनात स्वरतंतू दिसत, पण ते निश्चल. १८२९ साली लंडनमध्ये बेंजामिन बॅबिंग्टन या डॉक्टराने आरशाचे एक उपकरण करून दाखवले होते, परंतु त्याचा प्रसार झाला नाही.

हे काम तडीला नेले ते एका गायनशिक्षकाने. मान्वेल गार्सिया यांचा जन्म १८०५ सालचा. वडील नामांकित गायक, दोन बहिणी युरोपभर गाजलेल्या गायिका. स्वतः गार्सिया मात्र रंगमंचावर फार रमले नाहीत. त्यांनी पॅरिसमध्ये आणि पुढे लंडनमध्ये गाणे शिकवले. स्वीडनची प्रसिद्ध गायिका जेनी लिंड आवाज थकवून १८४१ साली त्यांच्याकडे आली, तेव्हा त्यांनी तिला आधी काही आठवडे आवाजाला पूर्ण विश्रांती द्यायला लावली आणि मगच शिकवणी सुरू केली. आवाज कसा निर्माण होतो हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तो शास्त्रशुद्ध शिकवता येणार नाही, असे त्यांना सतत वाटे.

१८५४ सालच्या सप्टेंबरात पॅरिसमध्ये फिरत असताना त्यांच्या डोक्यात एक युक्ती चमकली. ते तडक शस्त्रवैद्यांची उपकरणे बनवणाऱ्या शारिएर यांच्या दुकानात गेले. लांब दांड्याचा, दंतवैद्य वापरतात तसा एक लहानसा आरसा सहा फ्रँकला मिळाला. घरी येऊन त्यांनी तो गरम पाण्यात बुडवून पुसला, म्हणजे श्वासाच्या वाफेने त्यावर दव धरू नये. मग तो पडजिभेला टेकवून धरला आणि दुसऱ्या हातातील आरशाने सूर्यप्रकाश त्यावर पाडला. त्या दुसऱ्या आरशात त्यांना स्वतःचे उघडे स्वरयंत्र दिसले. ‘आ’ म्हणताच जवळ येणारे आणि श्वास घेताच दूर होणारे स्वरतंतू दिसले. १८५५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांचा निबंध सादर झाला.

प्रयोग किती साधा होता पाहा! दोन आरसे, कोमट पाणी आणि ऊन. परावर्तनाचा जो नियम आपण माध्यमिक वर्गात शिकवतो, त्याच्या पलीकडचे त्यात काही नाही.

डॉक्टरांनी हे साधन उचलले ते १८५७-५८ च्या सुमारास. व्हिएन्नातील ल्युडविग ट्युर्क सूर्यप्रकाशावर अवलंबून होते, त्यामुळे हिवाळ्यात त्यांचे काम अडले. पेस्ट येथील योहान चेर्माक यांनी त्यांच्याकडून आरसे घेतले आणि दिव्याचा प्रकाश अंतर्वक्र आरशाने घशात टाकण्याची व्यवस्था केली. कान-नाक-घसा तज्ज्ञाच्या कपाळावर भोक असलेला जो गोल आरसा आपण पाहिलेला असतो, त्याचे मूळ येथे आहे. चेर्माक यांनी युरोपभर फिरून प्रात्यक्षिके दाखवली. त्यांच्याकडे शिकलेल्यांत मोरेल मॅकेंझी हा तरुण इंग्रज डॉक्टर होता. त्याने १८६३ साली लंडनमध्ये केवळ घशाच्या रोगांसाठी दवाखाना काढला आणि पुढील वीस वर्षांत या विषयातला सर्वांत मोठा तज्ज्ञ म्हणून नाव मिळवले.

सम्राटाचा घसा

आता पुन्हा बर्लिनकडे वळू. ६ मार्च १८८७ रोजी प्राध्यापक गेरहार्ट यांनी आरशाने युवराजांचा घसा तपासला. डाव्या स्वरतंतूवर एक लहानशी वाढ दिसली. ती तारेच्या फासाने काढण्याचा प्रयत्न फसला, तेव्हा विजेने तापवलेल्या तारेने ती वारंवार जाळण्यात आली. त्यानंतर युवराज हवापालटासाठी एम्स या झऱ्यांच्या गावी गेले. परत आले तेव्हा वाढ पुन्हा उगवलेली होती, आणि आधीपेक्षा मोठी होती.

हा कर्करोग आहे, असा संशय गेरहार्ट यांना आला. शस्त्रवैद्य फोन बेर्गमान यांनी घाटी बाहेरून उघडून गाठ कापून काढण्याचा सल्ला दिला. त्या काळी ही शस्त्रक्रिया जिवावरची होती. संपूर्ण स्वरयंत्र काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया व्हिएन्नात बिलरोट यांनी १८७३ च्या ३१ डिसेंबरला केली, तिला तेव्हा जेमतेम तेरा वर्षे झाली होती. तो रुग्ण शस्त्रक्रियेतून वाचला, पण काही महिन्यांत रोग उलटून दगावला. इतर अनेक रुग्ण तर शस्त्रक्रियेनंतरच्या फुप्फुसदाहाने काही दिवसांतच मरत. अशा स्थितीत आणखी एका तज्ज्ञाचे मत घेणे स्वाभाविक होते. लंडनहून मॅकेंझी यांना बोलावण्यात आले.

मॅकेंझी २० मे रोजी बर्लिनला पोचले. त्यांचे म्हणणे रास्तच होते: कर्करोग आहे हे सूक्ष्मदर्शकाखाली सिद्ध होईपर्यंत एवढी मोठी शस्त्रक्रिया करू नये. त्यांनी आरशात पाहत चिमट्याने वाढीचा एक बारीक तुकडा काढला. तो रुडॉल्फ फिरखो यांच्याकडे गेला. प्रत्येक पेशी ही पेशीपासूनच जन्मते, हे सूत्र रूढ करणारे हेच ते फिरखो. रोगविज्ञानात त्यांच्याहून मोठा माणूस त्या वेळी नव्हता. त्यांना त्या तुकड्यात कर्करोग आढळला नाही. जूनमध्ये पाठवलेल्या तुकड्यांतही आढळला नाही.

शस्त्रक्रिया रद्द झाली. जूनमध्ये राणी व्हिक्टोरिया हिच्या राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव लंडनमध्ये साजरा झाला. त्या मिरवणुकीत तिचे हे जावई घोड्यावर स्वार होऊन दिमाखात चालले होते. सप्टेंबरात मॅकेंझी यांना ‘सर’ हा किताब मिळाला. नोव्हेंबरात इटलीतील सान रेमो येथे युवराजांच्या घशात नवी वाढ दिसली, आणि हा कर्करोगच आहे असे मॅकेंझी यांनाही मान्य करावे लागले. संपूर्ण स्वरयंत्र काढून टाकण्यास युवराजांनी नकार दिला. ९ फेब्रुवारी १८८८ रोजी श्वास कोंडू लागला, तेव्हा गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिकेत नळी बसवावी लागली.

महिन्याभरात, ९ मार्चला, वृद्ध सम्राट विल्हेल्म वारले आणि फ्रीडरिख गादीवर आले. राज्य मिळाले, पण वाचा गेली होती. कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून सम्राट आपल्या आज्ञा देत असत. हे राज्य ९९ दिवस टिकले. १५ जून १८८८ रोजी त्यांचा अंत झाला. शवचिकित्सेत स्वरयंत्राचा कर्करोग स्पष्ट दिसला. ते पाईप ओढत असत, ही गोष्टही येथे नोंदवून ठेवू.

त्यांच्यानंतर पुत्र दुसरा विल्हेल्म सम्राट झाला, आणि त्याच्याच कारकिर्दीत १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. उदारमतवादी समजले जाणारे फ्रीडरिख जगले असते तर इतिहास बदलला असता का, यावर इतिहासकारांत एकमत नाही. आमचा रस दुसऱ्या प्रश्नात आहे.

तुकड्यात नाही, म्हणजे घशात नाही?

सम्राटाच्या मृत्यूनंतर जर्मन डॉक्टरांनी आपली बाजू छापली, मॅकेंझी यांनीही आपले पुस्तक छापले आणि दोन्ही देशांत चिखलफेक झाली. कोण चुकले याची चर्चा आजही होते. परंतु विज्ञानाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे.

फिरखो यांनी जे सांगितले ते मर्यादित होते: या तुकड्यात कर्करोग नाही. एवढ्या तुकड्यांवरून संपूर्ण रोगाविषयी निश्चित मत देता येईलच असे नाही, अशी पुस्तीही त्यांनी जूनमधील अहवालात जोडली होती. ऐकणाऱ्यांनी मात्र त्याचा अर्थ ‘युवराजांना कर्करोग नाही’ असा घेतला. मूठभर तांदूळ निवडले आणि खडा सापडला नाही, म्हणून पोत्यात खडा नाही असे घरातील कोणी म्हणत नाही. राजवाड्यात मात्र तसे म्हटले गेले, कारण प्रत्येकाला तेच ऐकायचे होते.

आजही बायॉप्सीचा नियम हाच आहे. तुकड्यात कर्करोग सापडला तर निदान पक्के. सापडला नाही, पण गाठ वाढत राहिली, तर खोलवरून पुन्हा तुकडा घ्यायचा. वरवर चामखिळीसारखा दिसणारा कर्करोग पृष्ठभागाच्या तुकड्यात फसवतो, हे आता माहीत आहे. फ्रीडरिख यांचा रोग तसाच असावा असे काही तज्ज्ञांचे मत आहे. तुकडा काढल्यामुळे, ‘चाकू लागल्यामुळे’ कर्करोग पसरतो, ही समजूत मात्र खरी नाही. या भीतीपोटी लोक तपासणीच टाळतात आणि मौल्यवान महिने गमावतात.

दुसरे साधन: मोजणी

आरसा गाठ दाखवतो, पण ती का आली हे दाखवत नाही. फ्रीडरिख आजारी पडण्याच्या दोनच वर्षे आधी, २३ जुलै १८८५ रोजी, अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट घशाच्याच कर्करोगाने वारले होते. त्यांचा रोग ग्रसनीत, टॉन्सिल आणि जिभेचे मूळ यांच्या परिसरात होता. ते सिगारचे अतोनात शौकीन. १८८४ च्या उन्हाळ्यात पीच हे फळ खाताना त्यांना घशात तीव्र वेदना झाली, तरी डॉक्टरकडे जाण्यास त्यांनी काही महिने लावले.

एक सम्राट, एक राष्ट्राध्यक्ष; दोघेही धूम्रपान करणारे. यावरून काही सिद्ध होते का? नाही. त्या काळी बहुतेक पुरुष धूम्रपान करत, आणि त्यांतील बहुतेकांना कर्करोग होत नसे. माँपेल्ये येथील बुइसाँ या फ्रेंच शस्त्रवैद्याने १८५९ मध्ये तोंडाच्या कर्करोगाच्या ६८ रुग्णांची नोंद केली होती. जवळजवळ सर्वच रुग्ण तंबाखू ओढणारे निघाले. निरीक्षण अचूक होते, पण त्यात एक उणीव होती. त्याच गावातील निरोगी माणसांपैकी किती जण तंबाखू ओढत होते, हे त्यात नव्हते.

हा मुद्दा वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना उदाहरणाने समजावता येईल. समजा, १०० रुग्णांपैकी ८० जण विडी ओढतात. त्याच वस्तीतील, त्याच वयाच्या १०० निरोगी माणसांपैकीही ८० जण ओढत असतील, तर पहिल्या आकड्याला काही अर्थ नाही. पण निरोगी गटात ओढणारे ४०च असतील तर? रुग्णांत ओढणारे आणि न ओढणारे यांचे गुणोत्तर ८० भागिले २०, म्हणजे ४. निरोगी गटात ते ४० भागिले ६०, म्हणजे दोन तृतीयांश. चाराला दोन तृतीयांशाने भागले की ६ येतात. विडी आणि रोग यांच्यातील संबंधाचे हे माप झाले. हे आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. पद्धत मात्र खरी आहे. १९५० साली इंग्लंडमध्ये डॉल आणि हिल यांनी फुप्फुसाच्या कर्करोगासाठी हीच पद्धत वापरली, आणि ती जगप्रसिद्ध झाली.

घशाच्या कर्करोगाच्या बाबतीत मात्र या मोजणीचे एक महत्त्वाचे केंद्र मुंबई होते, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

तंबाखू आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आली. अकबराचा सरदार असद बेग याने विजापुराहून ती बादशहाकडे नेली, आणि ‘या अपरिचित वस्तूचे गुणदोष कोणी तपासलेले नाहीत’ म्हणून दरबारच्या हकिमाने तिला विरोध केला. हकिमाचे कोणी ऐकले नाही. तीन शतकांनंतर, १९३३ मध्ये, त्रावणकोरातील नेय्यूरच्या मिशन रुग्णालयातील डॉ. ऑर यांनी तंबाखूसह पान खाणाऱ्यांच्या तोंडातील कर्करोगावर सविस्तर लेख लिहिला.

मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले आणि त्याच्या रोगविज्ञान प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. वेगवेगळ्या जातिधर्मांच्या लोकांत कर्करोगाच्या जागा वेगवेगळ्या दिसतात, याचे त्यांना कुतूहल होते. याचे कारण वंशात शोधायचे की सवयींत? १९५५ साली संघवी, राव आणि खानोलकर यांचा अभ्यास इंग्लंडमधील प्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. रुग्णांच्या सवयींची इतरांच्या सवयींशी तुलना करता असे दिसले, की तंबाखू खाणाऱ्यांत रोग प्रामुख्याने तोंडात उद्भवतो आणि विडी ओढणाऱ्यांत घशाच्या आतल्या बाजूस. धूर किंवा तंबाखूचा रस जेथे लागतो, तेथे रोग होतो. १९७१ मध्ये जस्सावाला आणि देशपांडे यांनी तोंड, घसा, स्वरयंत्र व अन्ननलिका यांच्या सुमारे दोन हजार रुग्णांची तितक्याच निरोगी नागरिकांशी तुलना केली. निष्कर्ष त्याच दिशेचा निघाला. पानात गुंडाळलेली, स्वस्त आणि ‘देशी’ विडी सिगारेटपेक्षा सौम्य असते, हा समज त्यात टिकला नाही. विडी सारखी विझते, म्हणून तिचे झुरके अधिक जोरात आणि अधिक वेळा घ्यावे लागतात.

पेशीत काय घडते?

तंबाखूच्या धुरात आणि रसात नायट्रोसामाइनसारखी अशी रसायने असतात, की ती पेशीतील डीएनएला चिकटून त्याची अक्षरे बिघडवतात. बहुतेक बिघाड पेशी दुरुस्त करते. वर्षानुवर्षे रोज मारा होत राहिला की काही बिघाड राहून जातात, आणि पेशींच्या वाढीवर नियंत्रण ठेवणारी जनुके निकामी होतात. यास वीस-तीस वर्षे लागतात. म्हणून शाळकरी वयात लागलेल्या सवयीचे बिल पन्नाशीत येते.

दारू ही दुसरी जोखीम. शरीरात दारूचे ॲसिटाल्डिहाइड होते आणि तेही डीएनएला अपाय करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ साली तोंड, ग्रसनी, स्वरयंत्र व अन्ननलिका यांच्या कर्करोगास मद्य कारणीभूत ठरते असा निर्वाळा दिला. तंबाखू आणि दारू दोन्ही असतील तर धोक्यांची नुसती बेरीज होत नाही, तर जवळजवळ गुणाकार होतो. याच संस्थेने २००४ साली सुपारीलाही, ती तंबाखूविना खाल्ली तरी, कर्ककारक ठरवले. ‘आम्ही तंबाखू खात नाही, नुसती सुपारी चघळतो’ हा बचाव त्यामुळे उरला नाही.

तंबाखूला कधीही न शिवलेल्यांनाही हा रोग होऊ शकतो. टॉन्सिल आणि जिभेचे मूळ येथील काही कर्करोग एचपीव्ही या विषाणूमुळे होतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी या विषाणूचा संबंध दाखवणारे हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिका व युरोपात घशाच्या अशा कर्करोगांचे प्रमाण मोठे आहे; आपल्याकडे अजून तंबाखूच मुख्य कारण आहे. ॲसबेस्टॉसची धूळ आणि कारखान्यांतील तीव्र आम्लांची वाफ यांचाही स्वरयंत्राच्या कर्करोगाशी संबंध आढळला आहे. चिंच, लोणचे किंवा थंड पाणी यांनी मात्र घशाचा कर्करोग होत नाही. सतत बोलण्याने शिक्षकांच्या स्वरतंतूंवर येणाऱ्या बारीक गाठी वेगळ्या. त्यांचा कर्करोग होत नाही. हा रोग संसर्गानेही पसरत नाही, तेव्हा रुग्णाचे ताट-पेला वेगळे ठेवण्याचे कारण नाही.

तीन आठवड्यांची मुदत

फ्रीडरिख यांच्या काळी निदान वेळेवर झाले असते तरी उपाय भयंकरच होता. आज तसे नाही. १९२० च्या दशकात पॅरिसमध्ये कुतार यांनी क्ष-किरणांची मात्रा एकदम न देता अनेक दिवसांत थोडी थोडी विभागून दिली आणि स्वरयंत्राचे कर्करोग शस्त्रक्रियेविना बरे करून दाखवले. १९९१ साली अमेरिकेतील ३३२ रुग्णांच्या चाचणीत आढळले, की वाढलेल्या रोगातही औषधे व किरणोपचार यांच्या साह्याने सुमारे दोन तृतीयांश रुग्णांचे स्वरयंत्र वाचवता येते, आणि आयुर्मान कमी होत नाही. स्वरतंतूवरचा अगदी लहान कर्करोग असेल, तर किरणोपचाराने किंवा लेसरने दहांपैकी सुमारे नऊ रुग्ण बरे होतात, आवाजही राहतो. स्वरयंत्र काढावेच लागले, तरी कृत्रिम झडप बसवून रुग्णाला पुन्हा बोलायला शिकवता येते.

हे सारे वेळेवर अवलंबून आहे. म्हणून एक साधा नियम लक्षात ठेवावा: आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र पाहून घ्यावे. तपासणीला काही मिनिटे लागतात. बहुतेकांच्या बाबतीत कारण किरकोळच निघते. ग्रसनीतला कर्करोग मात्र आवाज न बदलताही वाढत राहतो. गिळताना अडखळणे, घशात एकाच बाजूला सतत दुखणे, कानात दोष नसताना त्याच बाजूचा कान ठणकणे, मानेत न दुखणारी गाठ येणे, थुंकीतून रक्त पडणे ही त्याची लक्षणे. घसा आणि कान यांच्या संवेदना सामाईक चेतातंतूंतून मेंदूकडे जातात, म्हणून दुखणे घशाचे असूनही ठणका कानात जाणवतो.

तंबाखू सोडल्यावर काय होते? धोका वर्षागणिक उतरत जातो आणि दहा-पंधरा वर्षांत बराच कमी होतो. तेव्हा ‘आता सोडून काय उपयोग’ हे म्हणणे कोणत्याही वयात चुकीचे आहे.

वर्गासाठी

मान्वेल गार्सिया १०१ वर्षे जगले. १९०५ साली त्यांची शंभरी लंडनमध्ये साजरी झाली, तेव्हा अभिनंदनाला गायकांबरोबर अनेक देशांतील डॉक्टरही जमले होते. एका शिक्षकाच्या जिज्ञासेचे ऋण ते मान्य करत होते.

आजच्या शिक्षकाच्या हातात काय आहे? २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत भारतातील २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरताना आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण २६.६ टक्के होते, आणि त्यांत ओढणाऱ्यांपेक्षा खाणारे व मशेरी लावणारे कितीतरी अधिक. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत तंबाखू विकण्यास २००३ च्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे. शाळेच्या फाटकापासून टपरीपर्यंतचे अंतर मुलांकडून टेपने मोजवून घेणे, हा भूगोलाचा आणि नागरिकशास्त्राचा एकत्र पाठ होईल. घाटीवर बोटे ठेवून ‘आ’ आणि ‘स’ म्हणायला सांगा. पहिल्या ध्वनीत कंप जाणवतो, दुसऱ्यात नाही. दोन आरशांनी उन्हाचा कवडसा पेटीच्या आत वळवून गार्सियांच्या युक्तीचे तत्त्व दाखवा. फक्त कवडसा कोणाच्या डोळ्यांवर पडू देऊ नका आणि आरसा कोणाच्याही घशात घालू नका.

या सगळ्याचा प्रत्यक्ष उपयोग होतो का, अशी शंका येईल. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता यांच्या गटाने १९६० च्या दशकापासून खेड्यापाड्यांत जाऊन लोकांची तोंडे तपासली. एकट्या महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक ग्रामस्थांची. पुढे केरळ, आंध्र आणि गुजरातमधील सुमारे ३६,००० तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्या लोकांना घरोघर जाऊन, पुन्हा पुन्हा, रोगाची माहिती देण्यात आली. त्याचे निष्कर्ष १९८६ साली प्रसिद्ध झाले. समजावून सांगितलेल्या गटात तंबाखू सोडणाऱ्यांचे प्रमाण अधिक होते आणि तोंडात कर्करोगापूर्वी दिसणारे पांढरे चट्टे नव्याने येण्याचे प्रमाण कमी होते. त्या गटाला औषध दिलेले नव्हते. तेथे जे केले ते शिकवण्याचे काम होते, आणि ते आपण रोज करतोच.